मशीनच्या तोंडी घास

"ओळखत न्हाई म्हणतोय, आत्या," रेणुका टेबलाखालून म्हणाली.

ती पदर कमरेला खोचून, गुडघ्यांवर बसून कॉम्प्युटरच्या डब्यामागं डोकं घालून होती. मी दारात उभी होते. एक पाय घरात, एक पाय ओट्यावर. गल्लीत मोटारसायकल वाजली की वाटायचं, सापडले, घेऊन आले.

"कोण कुणाला ओळखत न्हाई?"

"कॉम्प्युटर प्रिंटरला. काहीतरी जोडलंय एवढं त्याला कळतंय. पण काय जोडलंय ते कळंना म्हणतोय."

तसलं दुखणं आमच्या घरात आधीच एक होतं.

पडद्यावर माझ्या मालकांचा फोटो होता. कपाळाला कुंकू, पांढरी मिशी आणि तोंडभर हसू. फोटोच्या वर सुनेनं, म्हणजे रेणुकानं, ठळक अक्षरांत 'हरवले आहेत' असं लिहिलं होतं. खाली नाव, तुळशीराम यल्लाप्पा धोत्रे, आणि त्याखाली तिचा स्वतःचा फोन नंबर. कागद तयार होता. तो फक्त पडद्यातून बाहेर यायला तयार नव्हता.

सकाळी मी नळावर गेले तेव्हा ते ओट्यावर बसले होते. परत आले तेव्हा ओटा रिकामा होता. चपला तिथंच होत्या.

आमच्याकडं माणूस हरवलं की आधी विहिरीत बघतात. गल्लीतल्या माणसांनी मागची विहीर बघितली, मग वरच्या आळीतली. मग देवळं बघितली, एस्टीचा थांबा बघितला, उसाच्या फडांत हाका मारून झाल्या. दुपार झाली तरी पत्ता लागला नाही. चौकीतल्या जमादारानं वर्दी लिहून घेतली आणि तोच म्हणाला, बाई, आज बाजाराचा दिवस आहे, फोटोचे कागद छापून आणा आणि वाटा, माझ्या दोन शिपायांपेक्षा ते लवकर पोचतील.

त्याचं खरं होतं. चिंचोलीच्या शनिवारच्या बाजाराला आजूबाजूच्या सगळ्या खेड्यांतली माणसं यायची आणि ऊन कलायला लागलं की जीपा, टेम्पो भरून आपापल्या वाटेनं परत जायची. प्रत्येक गाडीत एकेक कागद गेला असता, तर दिवस मावळायच्या आत ह्यांचं तोंड गावोगाव पोचलं असतं. बाजार उठला की ते साधणार नव्हतं. फोन तेव्हा होते, पण बोलण्यापुरते. फोटो पाठवायचे फोन आमच्याकडं अजून आले नव्हते. गावात प्रिंटर एकच, रेणुकाचा. ती घरी बसून शाळेच्या प्रश्नपत्रिका, लोकांचे अर्ज टाइप करून छापून द्यायची. तालुक्याला जाऊन छापून आणायचं तर एस्टीनं जायला तास, यायला तास, आणि तोवर बाजारात कुत्री फिरली असती.

घाईचं कारण आम्हा दोघींना ठाऊक होतं, पण आम्ही ते एकमेकींना सांगत नव्हतो. दोन वर्षांपासून ह्यांचं डोकं रिकामं होत चाललं होतं. पोटचा मुलगा हणमंत सुट्टीवर आला तर त्याला, पाव्हणं, गाव कुठलं, म्हणून विचारायचे. पण त्याहून वाईट म्हणजे त्यांना तहान कळायची नाही. घसा कोरडा पडला तरी पाणी मागायचं सुचायचं नाही. मी तांब्या हातात दिला की प्यायचे. दसरा नुकताच होऊन गेलेला, पावसानं पाठ फिरवलेली, आणि उन्हाचा चटका असा की दुपारी कोंबड्यासुद्धा गाडीखालून हलत नव्हत्या. अनवाणी, बिनपाण्याचं म्हातारं माणूस तसल्या उन्हात किती टिकणार?

रेणुकानं सगळं बंद केलं आणि परत सुरू केलं. वायर काढून परत घातली. टुंग असा आवाज आला, आणि पुन्हा तीच पाटी. तिनं वायर डब्याच्या मागच्या दुसऱ्या भोकात घातली, मग पुढच्या. टुंग. ओळखत नाही. मग तिनं कपाटातून प्रिंटरसोबत आलेली सीडीची चकती काढली, आतलं सगळं पुसून नव्यानं भरायला लावलं. पडद्यावर एक हिरवी पट्टी मुंगीच्या पावलानं पुढं सरकू लागली. ती पट्टी भरेपर्यंत आम्ही दोघी तिच्याकडं बघत बसलो. पट्टी भरली. रेणुकानं वायर घातली.

टुंग.

"आता?"

"तेच म्हणतोय."

तिनं तालुक्याच्या दुकानदाराला फोन लावला. तो जेवत असावा. सगळं ऐकून घेऊन म्हणाला, वायर गेली असेल, बदलून बघा, नाहीतर सोमवारी मशीन घेऊन या. सोमवार म्हटल्यावर रेणुकानं पुढं न ऐकताच फोन ठेवला.

तिची जुनी वायर माळ्यावरच्या पेटीत होती. पहिला प्रिंटर शाई वाळून मेला होता, त्याची. ती शोधायला ती शिडीवर चढली, आणि तेवढ्यात दारात टेम्पो थांबला. इस्माईलभाई. ते बाजारातला भाजीपाला ने-आण करायचे. ह्यांची आणि त्यांची ओळख जुनी, डांबराच्या गाडीवर इस्माईलभाई पोरगेलेसे होते तेव्हापासूनची.

"अंबूवहिनी, कागद झाले का? मिरचीवाले तळ मोडायला लागले."

मी म्हटलं, मशीन अडलंय.

"मग हातानं लिहून द्या चार. मी तेवढे तरी वाटतो."

"हातानं लिहिलेलं कोण वाचतंय, भाई?" रेणुका वरून म्हणाली. "तोंड दिसाय पायजे. मामांना नाव विचारलं तर सांगता येत न्हाई."

तरी मी कागद आणि स्केचपेन घेऊन उंबऱ्यात बसले. रिकामे हात ठेवून बसवत नव्हतं. माझं अक्षर मोठं आणि ठोकळ्यासारखं आहे. ते मी मैलाच्या दगडांवरून शिकले. हे रस्त्याच्या रोलरवर डायव्हर होते. त्यांचा रोलर जिथं काम असेल तिथं जायचा, आणि त्याच्या मागं आमचा चाकांवरचा पत्र्याचा डबा. त्यातच चूल, त्यातच अंथरूण. मी रस्त्याला खडी फोडायची. संध्याकाळी काम सुटलं की हे मला जवळच्या मैलाच्या दगडापाशी बसवायचे आणि गावाच्या नावातलं एकेक अक्षर कोळशानं गिरवायला लावायचे. म्हणायचे, अंबू, आपण लोकांना गावाला पोचवतो, मग आपल्याला गावाचं नाव वाचाय नगो? तेव्हा माझ्या डोक्यावरचे केस पिकायला लागले होते. सगळी माणसं हसायची. ते हसायचे नाहीत.

मी लिहायला घेतलं आणि पडद्याकडं बघून अडखळले. फोटोखालच्या ओळी मी आतापर्यंत नीट वाचल्या नव्हत्या. 'अंगात पांढरा सदरा, पायात चप्पल नाही, वेडसर.'

"हे 'वेडसर' काढ," मी म्हटलं.

"आत्या, लोकांना कळाय पायजे ना, की बोलून उपयोग न्हाई."

"वेडसर म्हटलं की पोरं दगड मारतात. 'विसरतात' असं घाल."

इस्माईलभाई खाली बघत राहिले. रेणुका शिडीवरून उतरली आणि तिनं तो शब्द काढून दुसरा घातला. मग जुन्या वायरीवरची धूळ पदरानं पुसत परत टेबलाखाली गेली.

तो हसरा फोटो दसऱ्याचा होता. त्याआधीचे सगळे त्यांच्या जवानीतले, ते बघून कुणी ओळखलं नसतं. दसऱ्याला रेणुका म्हणाली होती, मामा, तुम्ही घरातले वडीलधारे, माझ्या मशीनची पूजा तुमच्या हातानं करा. तिनं ते मायेनंच म्हटलं होतं. आणि कधी नव्हे ते ह्यांच्या डोळ्यात ओळख आली. दसरा म्हणजे त्यांचा सण. नोकरीत होते तोवर दर दसऱ्याला रोलर धुऊन-पुसून, गोंडेफुलांचा हार घालून त्याची पूजा करायचे. आणि त्यात त्यांची स्वतःची एक रीत होती. जुना रोलर पुढून हँडल मारून सुरू करावा लागायचा. ते हँडल घालायच्या भोकात ते आधी कुंकवात भिजवलेल्या अक्षता घालायचे आणि मगच वर कुंकवाची बोटं ओढायचे. म्हणायचे, आधी तोंडात घास, मग कपाळाला कुंकू. उपाशी जनावराला कुणी नटवतं का? मग चाकापुढं लिंबू ठेवायचं, वर चढून बसायचं आणि रोलर लिंबावरून पुढं घ्यायचा. लिंबू चिरडलं की वर्ष चांगलं जाणार.

तर त्या दसऱ्याला त्यांनी सगळं नेटकं केलं. रेणुकानं फोटो काढला. आणि त्या दिवसापासून त्यांच्यापुरता दसरा संपलाच नाही. रोज सकाळी उठले की दसरा. मिक्सरला कुंकू, टीव्हीला कुंकू, गॅसच्या टाकीला हार. शेजारणीच्या स्कूटीला एकदा कुंकू लावून आले, तर ती म्हणाली, बाबा, हप्ते फिटले म्हणून पूजा का? आम्ही हसत होतो. रेणुकाही हसायची आणि फडकं घेऊन मागोमाग पुसत फिरायची.

आदल्या संध्याकाळी मात्र ती हसली नाही. शाळेच्या सहामाहीच्या प्रश्नपत्रिका छापून तिनं प्रिंटरवर गठ्ठा ठेवला होता, आणि ह्यांनी त्या गठ्ठ्यावरच ओलं कुंकू कालवलं. वरचे सगळे कागद लाल झाले. दिवसभर तिची पाठ त्या खुर्चीत मोडली होती. तिचा आवाज चढला. "माझ्या मशीनला कशाला सारखं सारखं? तुमच्या मशीनला लावा जावा." मी चुलीपाशी होते. हे शाळेतल्या पोरासारखे मान खाली घालून ओट्यावर जाऊन बसले. रेणुकानं प्रिंटर पुसून घेतला, लाल झालेले कागद उद्या परत छापायचे म्हणून बाजूला ठेवले, आणि थोड्या वेळानं तिनंच त्यांना ताटात वाढून भरवलं. घरोघरी असं होतं. मी ते मनावर घेतलं नव्हतं.

"बसंना," रेणुका टेबलाखालून म्हणाली.

"काय बसंना?"

"ही वायर प्रिंटरमध्ये पूर्ण आत जाईना. चौकोनी तोंड हाय, बरोबर तीच हाय, पण काहीतरी आडवं येतंय. पहिलीपण अर्धवटच बसली असणार." तिनं प्रिंटर फिरवून टेबलावर पुढं ओढला आणि मोबाइलची बॅटरी मागच्या भोकावर धरली. "आत कायतरी अडकलंय, आत्या. माझं बोट जात न्हाई. सुई बघा."

मी मंगळसूत्राची पिन काढून दिली. भोक लहान, करंगळीच्या नखाएवढं. तिनं जपून पिन फिरवली. आधी लाल भुगा पडला. मग एक तांदूळ, मग आणखी एक, मग दोन-तीन एकमेकांना चिकटलेले. कुंकवात भिजून, आत वाळून घट्ट बसलेले.

रोज काम झालं की विजेच्या भीतीनं रेणुका सगळ्या वायरी काढून गुंडाळून ठेवायची. त्यामुळं संध्याकाळी ते भोक उघडं होतं. बाहेरचं कुंकू तिनं पुसलं, पण आत कोण बघणार?

तिनं तळहातावरचे तांदूळ माझ्यापुढं धरले. मी ते बघितले आणि मला ते हँडलचं भोक दिसलं.

आधी तोंडात घास.

मी उठून देव्हाऱ्यापाशी गेले. सकाळपासूनच्या धावपळीत देवाला पाणीसुद्धा घातलं नव्हतं, त्यामुळं तिकडं कुणी फिरकलं नव्हतं. कुंकवाचा करंडा नव्हता. अक्षतांची वाटी नव्हती. कोनाड्यात नवसाचा नारळ होता, तोही नव्हता. टोपलीतली लिंबं मी मोजलेली नव्हती, पण त्यातलं एक गेलेलं असणार हे मला न मोजताच कळलं.

परत आले तर रेणुका तशीच उभी होती, हात पुढं केलेला.

"आत्या," ती हळू म्हणाली, "मी काल त्यांना काय म्हणाले?"

इस्माईलभाई दारात होते. मी तिच्या हाताची मूठ मिटवली.

"वायर घाल."

"मी म्हणाले, तुमच्या मशीनला..."

"रेणुका. वायर घाल."

तिनं घातली. या वेळी खट्ट आवाज करून ती पूर्ण आत बसली. पडद्यावर काहीतरी चमकून गेलं, प्रिंटर गुरगुरला आणि कागद ओढून घेतला. आधी 'हरवले आहेत' बाहेर आलं. मग केस, मग कपाळ, त्यावरचं कुंकू. डोळे यायच्या आत मी वहाणा पायात घातल्या.

रेणुकाला सांगितलं, छापायचं थांबू नकोस, येईल त्या गाडीवाल्याच्या हातात दे. कारण मला खात्री नव्हती. खरं तर खात्री नसावी असं वाटत होतं.

"भाई," मी म्हटलं, "रोलरपाशी चला."

त्यांना एका क्षणात कळलं. ह्यांचा तो रोलर निवृत्तीच्या वर्षी डोंगराच्या उताराला, खडीच्या जुन्या खाणीपाशी बंद पडला होता. नवे रोलर आले, तो कुणी न्यायला आला नाही. पहिली काही वर्षं हे दर दसऱ्याला तिथं जाऊन पूजा करून यायचे. मग गुडघे गेले, मग डोकं. रोलर हा शब्दसुद्धा दोन वर्षांत त्यांच्या तोंडून आला नव्हता. कोपऱ्यावरच्या गिरणीपर्यंत जाताना दोनदा बसणारा माणूस ती कोसभर चढाची वाट चालेल, असं कुणाच्याही मनात आलं नाही. माझ्याही नाही.

टेम्पोत कोथिंबिरीचा वास भरला होता. इस्माईलभाईंनी वाटेत एकदाच तोंड उघडलं. म्हणाले, तुळशीदादा कुठं सावली धरून बसले असतील, वहिनी, त्यांना सावली कळते. मी हो म्हटलं. पाण्याची बाटली माझ्या मांडीवर होती. ती मी अशी धरली होती की जणू माणूस समोरच बसलाय आणि द्यायचा अवकाश.

डांबरी रस्ता सोडून खाणीची वाट लागली. त्या मातीत मला अनवाणी पाय उमटलेले दिसले. एक पाय सरळ, एक जरा ओढलेला. परतीचे पाय कुठं दिसतात का म्हणून मी खिडकीबाहेर वाकून बघत होते.

रोलर बाभळीत अर्धा बुडाला होता. त्याचा पिवळा रंग कुठंच राहिला नव्हता. पण पुढचं मोठं चाक हात पुरेल तिथवर पुसलेलं होतं. गंज निघाला नव्हता, धूळ तेवढी गेली होती. पुसायला त्यांनी अंगातला सदरा काढला असावा. तो झटकून, नीट घडी घालून मडगार्डवर ठेवला होता. चाकावर कुंकवाची बोटं ओढलेली. हँडलच्या भोकात अक्षता. आणि चाकाच्या पुढं, अगदी चिकटून, लिंबू.

ते चाकाच्या सावलीत आडवे होते. एक हात डोक्याखाली. रस्त्याच्या कामावर दुपारची भाकरी खाऊन ते असेच पडायचे, अगदी याच बाजूला, कारण इंजिनाची धग दुसऱ्या बाजूला असायची. मी इतक्या दुपारी त्यांना असं बघितलं होतं की मी हाक मारली. आवं, उठा. पाणी प्या.

सावली आता फिरली होती. पाय उन्हात होते. नारळ फोडलेला होता आणि त्यातलं पाणी त्यांनी रोलरच्या पायावर ओतलं होतं, स्वतः प्यायले नव्हते. खोबऱ्याला मुंग्या लागल्या होत्या. त्यांची रांग खोबऱ्यावरून निघून त्यांच्या मनगटावरून पलीकडं चालली होती, आणि ते हात झटकत नव्हते.

इस्माईलभाईंनी वाकून नाकापुढं हात धरला. मग टोपी काढली.

"वहिनी, तुम्ही जरा बाजूला बसा."

मी बसले नाही. मुंग्या झाडल्या. बाटलीतलं पाणी पदराला लावून त्यांचं तोंड पुसलं. मग वाटीतले उरलेले चार तांदूळ घेतले आणि त्यांच्या ओठांत ठेवले. ते काम पुढं घरी सगळ्यांसमोर करायचंच होतं, पण मला ते तिथं करायचं होतं.

त्यांना उचलून टेम्पोत ठेवल्यावर मी एकदा मागं बघितलं. लिंबू तसंच होतं. अख्खं.

गावात शिरताना बाजार उठत होता. जीपा भरून निघाल्या होत्या आणि प्रत्येक जिपेच्या काचेवर आतून ह्यांचा चेहरा चिकटवलेला होता. रेणुकानं शाई संपेपर्यंत छापलं होतं. मिरचीवाल्यांच्या हातात कागद, एस्टीच्या कंडक्टरच्या हातात कागद, गुळाच्या ढेपेवर कागद. आमचा टेम्पो त्या गाड्यांच्या शेजारून उलटा आत जात होता. एका बाईनं खिडकीतून मला विचारलं, मावशी, हे म्हातारबाबा कुठं दिसले का वाटंत? इस्माईलभाईंनी गाडी थांबवली नाही.

हणमंत सुरतेकडं पोकलेनवर होता. तो दुसऱ्या दिवशी पोचला. दहाव्याला पिंडाला कावळा शिवला तोवर तो गप्प होता. मग घरी येऊन ओट्यावर बसला आणि त्यानं विचारलं. रेणुका आत पितळी ताटं मांडत होती. ताटांचा आवाज थांबला.

"आई, गल्लीच्या टोकाला जायचं तर त्यांना धाप लागायची. इतक्या लांब जायचं त्यांना एकदम सुचलं कसं? कुणी काय बोललं होतं का त्यांना?"

"दसरा बसला होता डोक्यात," मी म्हटलं. "कोण काय बोलणार?"

"आदल्या दिवशी काय झालं नव्हतं?"

"तुझ्या बायकोनं त्यांना हातानं भरवलं होतं. एवढंच झालं."

त्यानं मान हलवली. आत ताटं परत वाजायला लागली.

त्यानंतर फोन यायला लागले. कागद खरोखरच गावोगाव पोचले होते. कुणी सांगायचं, आमच्या मळ्यात एक बाबा बसलाय, तुमच्या फोटोसारखा दिसतोय. कुणी सांगायचं, एस्टीत बघितला, तुळजापूरला उतरला. फोटो बघून लोकांना ते कुठंकुठं दिसत होते. नंबर रेणुकाचा होता. हणमंत म्हणाला, कार्ड बदलून टाक. तिनं बदललं नाही. हातात पीठ असो, पोळी तव्यावर असो, ती पदराला हात पुसून फोन घ्यायची आणि शेवटपर्यंत ऐकून घ्यायची. मग म्हणायची, "सापडले. तुमचे लई उपकार." सापडले, एवढंच. कसे, ते तिनं कधी कुणाला सांगितलं नाही. पावसाळा येऊन कागद भिंतींवरून गळून गेले तरी अधूनमधून एखादा फोन यायचाच.

त्या दुपारबद्दल आम्ही दोघी पुन्हा कधी बोललो नाही. आता माझे गुडघे गेलेत, आणि मला नळावर, न्हाणीत धरून नेणारी तीच आहे. पण मला तिची जी एक गोष्ट सांगायची आहे, ती पुढच्या दसऱ्याची.

वर्षाच्या आत सण करायचा नसतो, पण त्या साली अधिक महिना आल्यानं दसरा पुढं गेला होता आणि तोवर वर्ष दोन-चार दिवसांनी उलटून गेलं होतं. रेणुकानं घर सारवून घेतलं, गोंडेफुलांच्या माळा केल्या आणि ताट माझ्या हातात दिलं. म्हणाली, आत्या, तुम्ही करा. मी कॉम्प्युटरला कुंकू लावलं, हार घातला, प्रिंटरला लावलं. मग वाटीतल्या अक्षता मुठीत घेतल्या.

तेव्हा ती पुढं झाली. मला वाटलं, अडवते. तिनं अडवलं नाही. तिनं प्रिंटर हळूच माझ्याकडं पाठमोरा केला, मागच्या त्या भोकावर आपला तळहात पालथा धरला आणि म्हणाली, "टाका."

मी टाकल्या. तिच्या हातावर पडल्या तेवढ्या तिनं एकेक करून वेचल्या आणि खाली न टाकता पदराच्या टोकाला बांधल्या.